तक्रारदाराचे नाव काय?

वैशाखातील रात्र आहे. दिवसभर ४४ अंशांच्या घरात तापलेल्या जळगावच्या भिंती अजून निवलेल्या नाहीत. खानदेशात पूर्वी अशा रात्री माणसे धाब्यावर झोपावयास जात. आता मातीच्या धाब्यांच्या जागी सिमेंटच्या गच्च्या आल्या, तरी सायंकाळी पाणी शिंपडून अंथरुणे टाकण्याचा शिरस्ता अगदीच मोडलेला नाही. जे खाली झोपतात त्यांच्याही खिडक्या सताड उघड्या असतात, कारण कूलरला बाहेरची हवा लागते. साडेदहा वाजून गेले आहेत. शेजारच्या गल्लीत हळदीचा कार्यक्रम रंगात आला असून ध्वनिक्षेपकांची एक भिंतच रस्त्यावर उभी करण्यात आली आहे. एका घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, दुसऱ्यात आठ दिवसांची बाळंतीण आहे, तिसऱ्यात सकाळी स्पर्धा परीक्षेला बसणारा विद्यार्थी आहे. चौथ्या घरातील एक गृहस्थ अखेर धीर करून पोलिसांना दूरध्वनी करतात. पलीकडून पहिला प्रश्न येतो: ‘आपले नाव आणि पत्ता सांगा.’ गृहस्थ क्षणभर थांबतात आणि दूरध्वनी ठेवून देतात.

हे गृहस्थ भित्रे आहेत असे समजण्याचे कारण नाही. ज्यांच्या घरी हळद आहे त्यांनी परवाच येऊन अगत्याने अक्षत दिलेली आहे. उद्या दुपारी त्याच मांडवात जेवावयास जावयाचे आहे. अडीअडचणीला, मध्यरात्री दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर, गाडी त्याच घरची मागावी लागणार आहे. अशा माणसाविरुद्ध पोलिसांच्या वहीत स्वतःच्या नावाने तक्रार लिहवून घेणे म्हणजे दोन तासांच्या झोपेसाठी वीस वर्षांचा शेजार मोडणे होय. हा सौदा शहाणा माणूस करीत नाही. तो उशीखाली डोके घालतो. सकाळी पोलिसांच्या वहीत नोंद नसते, आणि नोंद नाही म्हणून त्या गल्लीत उपद्रवही झालेला नसतो.

असे दृश्य जळगाव-धुळ्याचेच आहे असे नाही. ते महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम आकाराच्या शहरात दिसेल. परंतु निवासी भागातील आवाजाविषयी जेवढी म्हणून चर्चा होते ती कायदा अपुरा आहे, दंड तुटपुंजा आहे किंवा लोकांना शिस्त नाही, या तीन मुद्द्यांभोवती फिरत राहते. खरी गोम निराळी आहे. नियम आहेत, आणि ते पुष्कळसे स्पष्टही आहेत. मात्र त्यांची अंमलबजावणी तक्रारदाराच्या नावाशी बांधून ठेवल्याने ती जागच्या जागी थिजली आहे.

लंडनचा धडा

तक्रारदारावर विसंबलेल्या नियमाचे काय होते, याचे एक उदाहरण दीडशे वर्षांहून जुने आहे. गणकयंत्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते चार्ल्स बॅबेज लंडनच्या रस्त्यांवरील बाजावाल्यांच्या उपद्रवाने त्रस्त झाले होते. हाताने फिरवावयाचे ते बाजे दिवसभर खिडकीखाली वाजत आणि गणिताच्या कामाचा विचका होई. बॅबेज यांनी याविरुद्ध मोहीमच उघडली. १८६४ मध्ये मायकेल बास या संसद सदस्याच्या पुढाकाराने कायदाही झाला. घरातील आजारपण किंवा तशाच एखाद्या सबळ कारणासाठी घरमालकास रस्त्यावरील वादकाला दूर जाण्यास सांगता येईल, अशी त्यात तरतूद होती.

परिणाम काय झाला? बॅबेज यांचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि तेच त्यांना भोवले. शेजारीपाजारी मुद्दाम वादक आणून त्यांच्या खिडकीखाली उभे करू लागले. ते रस्त्याने निघाले की टवाळ पोरांचा घोळका मागे लागे. हे सारे त्यांनी स्वतःच त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. कायद्याने त्यांना अधिकार दिला, पण तो वापरण्याचा सारा भार त्यांच्याच शिरावर टाकला. लंडनसारख्या अफाट नगरीत, प्रतिष्ठित विद्वानाची ही गत झाली, तर जेथे प्रत्येकाला प्रत्येकाचे आडनाव आणि मूळ गाव ठाऊक असते अशा धुळ्यातील कारकुनाची किंवा जळगावातील शिक्षकाची काय कथा!

कायदा काय म्हणतो

आपल्याकडील कायदा मात्र या बाबतीत लंडनच्या त्या कायद्याहून अधिक शहाणा आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, ३८ वे कलम पाहावे. परिसरात राहणाऱ्यांना त्रास, व्यत्यय किंवा इजा होऊ नये म्हणून गायन, वादन वा गोंगाट थांबविण्याचा लेखी आदेश देण्याचा अधिकार त्यात पोलीस आयुक्तास किंवा अधीक्षकास दिला आहे. तो आदेश कशाच्या आधारे द्यावयाचा? ठाणे अंमलदाराच्या अहवालावरून, अथवा मिळालेल्या अन्य माहितीवरून. म्हणजे गल्लीतून गस्त घालणाऱ्या पोलिसाच्या कानांनी ऐकले, एवढे पुरे आहे. सही करणारा तक्रारदार ही त्या कलमाची अट नाही, आणि हे कलम गेली सात दशके अस्तित्वात आहे.

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम जारी झाले. निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घालून दिली. व्यापारी भागात ती ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० अशी आहे. लेखी परवानगीवाचून ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो वाजविता येत नाही. जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त अथवा उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला नियुक्त अधिकारी हे ‘प्राधिकरण’ होय, आणि नियमांचे पालन होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी नियमांनी त्या प्राधिकरणावरच टाकली आहे. नागरिकाला तक्रार करण्याचा अधिकार आहे. पण तो अधिकार आहे, कर्तव्य नव्हे. कर्तव्य प्राधिकरणाचे आहे. व्यवहारात या दोन शब्दांची नेमकी अदलाबदल झाली आहे.

या नियमांच्या दोन तरतुदींविषयी पुष्कळ गैरसमज आढळतो. वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांच्या प्रसंगी, ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री दहाऐवजी बारापर्यंत वाढविण्याची मुभा राज्य सरकारला २००२ मध्ये मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरमध्ये ती ग्राह्य ठरविली. ही सवलत वेळेची आहे, आवाजाची नाही. त्या दोन तासांत वाटेल तेवढा आवाज करावा, असे नियमांत कोठेही म्हटलेले नाही. दुसरा गैरसमज रुग्णालयांविषयी आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटरचे वर्तुळ आपोआप शांतता क्षेत्र ठरते, असे आजही अनेकांना वाटते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्यावाचून ते तसे ठरत नाही. म्हणून आपल्या गावातील कोणते परिसर अधिसूचित आहेत, याची यादी प्रत्येक शाळेच्या आणि दवाखान्याच्या फाटकावर असावयास हवी.

आकड्यांची भाषा

पंचावन्न आणि पंचेचाळीस हे आकडे सामान्य वाचकाला फारसे काही सांगत नाहीत. डेसिबलचे मोजमाप किलो-मीटरसारखे सरळ वाढत जाणारे नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. ५५ च्या जागी ७५ झाले, तर परीक्षेत वीस गुण अधिक मिळावेत तशी ही वाढ नसते. ऊर्जा शंभरपट झालेली असते. कानाला दहा डेसिबलची वाढ सुमारे दुप्पट आवाजासारखी भासते, म्हणून आपल्याला त्या शंभरपटीचा अंदाज येत नाही. कारखान्यातील कामगारांसाठी सर्वसाधारणपणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही सुरक्षिततेची सीमा मानतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करावी असे अनेक तज्ज्ञ सांगतात. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये अवघा पाव तास, म्हणजे पंधरा मिनिटे एवढाच वेळ उरतो. मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे चार-चार तास नाचणारी पोरे कोणत्या कारखान्यात कामाला आहेत, याचा विचार त्यांच्या पालकांनीच करावयाचा आहे.

आता अंतराचे पाहू. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. दहा मीटरवर १०० डेसिबल भरणारा आवाज वीस मीटरवर ९४, चाळीस मीटरवर ८८, आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास गेल्यावर सत्तरच्या खाली येऊ लागतो. दिवसाच्या ५५ च्या मर्यादेत त्याला आणावयाचे तर मोकळ्या रानात पावणेदोन किलोमीटर दूर जावे लागेल. घरांच्या भिंतींनी आवाज अडतो हे खरे. पण अरुंद गल्लीत तो समोरासमोरच्या भिंतींवर आपटून घुमतोही. धुळे शहराची जुनी रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात नव्या पेठेची आखणी झाली. ओळीने आखलेल्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या गल्ल्यांत आजही घराला घर लागून आहे. चौथ्या गल्लीतील आवाज पाचवीला ऐकू जाऊ नये, अशी सोय त्या काळी करण्याचे कारणच नव्हते. तेव्हा सर्वांत मोठा आवाज म्हणजे ढोल-ताशाचा, आणि तो वाजविणाराही माणूस असल्याने काही वेळाने दमत असे. विजेवर चालणारे यंत्र दमत नाही, हा साराच फरक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शांत झोपेसाठी शयनगृहातील सलग आवाज ३० डेसिबलहून अधिक नसावा. ही अपेक्षा बंद खिडक्यांच्या थंड देशांत कदाचित पुरी होईल. खानदेशात मार्च ते जून खिडक्या बंद करून झोपणे म्हणजे स्वतःला भट्टीत कोंडून घेणे होय. नेमका तोच लग्नसराईचा मोसम, आणि त्याच्या आरंभीच दहावी-बारावीच्या परीक्षा! श्रावणात कानबाईचा उत्सव, मग गणपती, नवरात्र, जयंत्या, निवडणुका, आणि बारमाही महामार्ग. सुरत-नागपूर रस्ता या दोन्ही शहरांच्या वाट्याला आला आहे. धुळ्याला त्यात मुंबई-आग्रा रस्त्याची भर. यांतील कोणताही एक आवाज घेतला तर त्याचा कर्ता म्हणतो, वर्षातून एकदाच तर आहे. ते खरेही असते. पण ऐकणारा प्रत्येकाचे ‘एकदाच’ ऐकतो, आणि त्याच्या वर्षात शांत रात्री मोजक्याच उरतात.

‘आधी त्यांचे बंद करा’

वैयक्तिक तक्रारीवर विसंबून राहण्याचा दुसरा दुष्परिणाम अधिक गंभीर आहे. तक्रारदाराला नाव असते, म्हणून जात असते, धर्म असतो, पक्ष असतो. आवाजाविषयीची तक्रार क्षणार्धात माणसाविषयीची होते. भोंगा असो की मिरवणूक, ‘आधी त्यांचे बंद करा’ हे उत्तर दोन्ही बाजूंना पाठ झाले आहे. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत धर्मस्थळांवरील भोंग्यांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा डेसिबलविषयी बोलणारे थोडे आणि अस्मितेविषयी बोलणारे उदंड होते.

याची झळ जळगाव जिल्ह्याला लागली आहे. धरणगाव तालुक्यातील पाळधी येथे २०२३ च्या मार्चअखेर मशिदीपुढून जाणाऱ्या पालखीच्या वाद्यांवरून दोन गटांत संघर्ष झाला. त्याच गावात २०२४ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री गाडीचा हॉर्न वाजविण्यावरून वाद पेटला; दुकाने जाळली गेली आणि संचारबंदी लावावी लागली. एका हॉर्नपायी दुकाने जळावीत इतका आवाज हा मानापमानाचा विषय झाला आहे. अशा वातावरणात एखाद्या नागरिकाने पुढे होऊन नाव द्यावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे.

न्यायालयांनी हा धोका ओळखला आहे. धर्माने प्रार्थनेसाठी ध्वनिवर्धक सांगितलेला नाही आणि दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करण्याचा हक्क कोणाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच एका चर्चच्या प्रकरणात सांगितले. १८ जुलै २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, न ऐकण्याचाही नागरिकाला हक्क आहे हे तत्त्व पक्के केले. त्या खटल्याचा उगम विसरता येणारा नाही. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, आणि जवळच चाललेल्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात तिच्या आरोळ्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. पुढे त्या मुलीचा अंत झाला. ती वार्ता वाचून अनिल मित्तल नावाचे एक अभियंते न्यायालयात गेले. त्या मुलीचे ते कोणी नव्हते. महाराष्ट्रातही १९८० च्या दशकात मुंबईचे डॉ. यशवंत ओक आणि पुढे ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी न्यायालयाची पायरी चढून हा लढा चालविला. बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात तक्रार नोंदविण्याची यंत्रणा, ध्वनिमापक यंत्रे आणि शहरांचे ध्वनिमापन यांविषयी सविस्तर आदेश आहेत. राज्यातील महानगरपालिकांच्या क्षेत्रांत ‘नीरी’ या संशोधन संस्थेकडून पुढे ध्वनिमापन झाले.

असाच एक निकाल २३ जानेवारी २०२५ चा. मुंबईतील नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही असे पुन्हा सांगितले. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा भाग निराळा आहे. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारू नये, ती मिळाली तरी उघड करू नये. प्रथम समज द्यावी, पुन्हा घडल्यास दंड करावा, त्यानंतरही न ऐकल्यास साहित्य जप्त करून परवाना रद्द करण्याकडे वळावे, अशी पायरीपायरीची वाट न्यायालयाने आखून दिली. आवाजाची मर्यादा यंत्रातच बसविण्याच्या उपायाकडेही सरकारचे लक्ष वेधले. म्हणजे ‘तक्रारदाराचे नाव काय?’ हा प्रश्न आता नुसता गैरसोयीचा राहिलेला नाही. तो विचारणे न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध आहे.

खानदेशाची जुनी वाट

या प्रश्नाचा इतिहास खानदेशाला नवा नाही. १८९५ मध्ये धुळ्यात गणपतीच्या मिरवणुकीतील वाद्ये आणि मशीद यांवरूनच दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. ती आठवण ‘खुनी गणपती’ या नावात आजही टिकून आहे. परंतु नाव भयंकर असले तरी त्याची पुढची कहाणी तशी नाही. अनंत चतुर्दशीला त्या गणपतीची पालखी त्याच मशिदीपाशी येते, तेथे आरती होते आणि मुस्लिम रहिवासी फुले उधळून तिचे स्वागत करतात. जेथे वाद्यांपायी रक्त सांडले तेथेच दोन्ही बाजूंनी एक रीत घालून घेतली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली.

जळगावचा श्रीरामाचा रथही असाच. आप्पा महाराजांच्या परंपरेतील हा रथोत्सव १८७२ पासून कार्तिकी एकादशीला होत आला आहे. माणसांनी दोरांनी ओढावयाचा आणि चाकाखाली मोगरी सरकवून थांबवावयाचा तो अजस्र रथ जुन्या गावातून फिरताना भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तेथे चादर चढविली जाते आणि मग तो पुढे निघतो. एवढा प्रचंड रथ नेमक्या जागी थांबविता येतो. कारण कोठे थांबावयाचे ते आधी ठरलेले असते आणि मोगरी लावणारी माणसे नेमलेली असतात.

या दोन रीतींतून एक धडा घेण्यासारखा आहे. दोन्ही ठिकाणी वादाच्या क्षणी कोणी तक्रार करावी लागत नाही. थांबण्याची जागा आणि पद्धत उत्सवाच्या रचनेतच घातलेली आहे, आणि ती पाळणे हा त्या उत्सवाचाच भाग समजला जातो. नेमकी हीच गोष्ट आवाजाच्या नियमांत उतरवावयास हवी.

नावाविना अंमल

ती कशी उतरवावी? त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ पासून महानगरपालिका आहेत. मांडवाची परवानगी त्या देतात, ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस देतात आणि ध्वनिमापनाचे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. आज हे तीन कागद तीन टेबलांवर फिरतात आणि आवाज चौथ्याच ठिकाणी होतो. परवानगीच्या कागदावर कार्यक्रमाची जागा, त्या जागेची डेसिबल मर्यादा, बंद करण्याची वेळ आणि जबाबदार व्यक्तीचे नाव ठळकपणे छापावे. नाव हवेच असेल तर ते आवाज करणाऱ्याचे असावे, झोपणाऱ्याचे नव्हे. मोठ्या कार्यक्रमाच्या हद्दीवर पोलिसाने आपणहून जाऊन मापन करावे आणि आकडा त्याच कागदावर लिहावा. त्या आकड्याला धर्म नसतो. म्हणूनच तो सर्व धर्मांना सारखा लावता येतो, आणि सर्वांना लावला तरच टिकतो. वर्षातील सवलतीचे दिवस कोणते, हे जिल्हा प्रशासनाने वर्षारंभी जाहीर करून शाळा, ग्रंथालये आणि अभ्यासिकांत लावावे. परीक्षांच्या काळातील परवानग्या देताना वेळापत्रक समोर ठेवावे.

दंडाविषयीही थोडे बोलावयास हवे. सार्वजनिक उपद्रवाला भारतीय दंड संहितेत १८६० पासून कमाल २०० रुपये दंड होता. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. पण १६४ वर्षे ती तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती १,००० रुपये झाली. ज्या ध्वनियंत्रणेचे एका रात्रीचे भाडेच हजारोंनी मोजावे लागते तिच्या खर्चात हा दंड सहज मिसळून जातो. पर्यावरण कायद्याखालील शिक्षेचे स्वरूपही २०२४ च्या एप्रिलपासून पालटले. कारावासाच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतच्या आर्थिक दंडाची तरतूद आली. दंड मोठा झाला, हे ठीकच. पण तो कोणाला होणार? ज्याची नोंद झाली त्याला. आणि नोंद जोवर शेजाऱ्याने नाव देण्यावर अडून राहील, तोवर पंधरा लाख आणि दोनशे यांत काही अंतर नाही.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. ध्वनियंत्रणा चालविणारे बहुतेक तरुण कर्ज काढून या धंद्यात आले आहेत. त्यांच्या आधी बँडवाल्यांचा धंदा होता, त्याच्याही आधी ताशा-सनईवाल्यांचा. प्रत्येक नव्या यंत्राने आधीच्यांचा घास काढून घेतला. या तरुणांची यंत्रे ऐन मिरवणुकीत जप्त करणे हा न्याय वाटण्यापेक्षा जुलूमच वाटण्याचा संभव अधिक. म्हणूनच यंत्राला मर्यादा आधीपासून बसवावी. ती बसविलेल्यालाच भाड्याने देण्याचा परवाना मिळावा. मग आवाज वाढवा म्हणून आग्रह धरणाऱ्या यजमानाला ‘यंत्र यापुढे जातच नाही’ असे उत्तर त्याला देता येईल, आणि त्याचीही सुटका होईल. आज तोही नाव न सांगणाऱ्या शेजाऱ्याइतकाच अडचणीत असतो. नाही म्हटले तर पुढचे काम दुसऱ्याकडे जाते.

आनंदाला आवाज हवा, हे कोणी नाकारीत नाही. लग्न मुक्याने लागत नाही आणि मिरवणूक पाय न वाजविता निघत नाही. प्रश्न आवाजाचा नाही, यंत्राने त्याला दिलेल्या आकाराचा आहे. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. समोर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढाच तो आवाज होता. तो पुढे पुस्तकरूपाने किती भाषांत आणि किती घरांत पोहोचला, हे सांगावयास नको. आवाज दूरवर जाण्यासाठी तो मोठाच असावा लागतो असे नाही.

तात्पर्य, जळगाव-धुळ्यातील त्या गृहस्थाला धाडसी बनविण्याची गरज नाही. ज्याला आपल्या शेजाऱ्याशी वैर न करता झोपावयाचे आहे, त्याची ही इच्छा अत्यंत सभ्य आहे, आणि नागरी कायदा अशाच सभ्य माणसांसाठी असतो. त्याने केलेला दूरध्वनी ही केवळ माहिती समजावी. ती मिळताच गस्तीचा माणूस निघावा, आणि त्याने जाऊन आवाज मोजावा. सकाळी त्या गृहस्थाला मांडवात जेवावयास जाताना मान खाली घालावी लागू नये, आणि यजमानालाही कोणी आपल्याविरुद्ध गेले असा संशय घेत पंगतीतील चेहरे न्याहाळावे लागू नयेत. पोलीस अधीक्षकांनी आपल्या ठाण्यांना एका ओळीचा आदेश दिला तर एवढे घडू शकेल: आवाजाची तक्रार आली तर पत्ता आवाजाचा विचारावा, तक्रारदाराचा नव्हे.